कॅप बसवण्याआधी इम्प्लांट तपासायचा कसा? टिचकी, टॉर्क की आयएसक्यू

चोपडा, शहादा, साक्रीकडे नव्याने दातांचा दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला असतो: दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला इम्प्लांट (स्क्रू) पक्का झाला का हे बघायला आयएसक्यूचं मशीन घ्यावं, की आहे त्यावर भागेल? पेशंट कापसाच्या वेचणीतून दिवस काढून एसटीने येतो आणि म्हणतो, "आजच कॅप बसवून टाका."

आरशाच्या दांड्याने टिचकी मारायला पैसे लागत नाहीत, पण फार ढिला इम्प्लांटच त्यात सापडतो. एक्स-रे हवाच. इम्प्लांटच्या मानेजवळचं हाड किती उतरलं ते दिसतं. गालाकडची आणि जिभेकडची बाजू मात्र झाकलेली राहते.

टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) २० न्यूटन-सेंटीमीटरपर्यंत उलटं फिरवून बघणारेही आहेत. वरच्या मागच्या मऊ हाडात मी हे करू देणार नाही. नुकतं धरलेलं हाड त्यातच सुटू शकतं. पेरिओटेस्ट हे हलके ठोके देऊन इम्प्लांट किती हलतो ते मोजणारं यंत्र; त्याचा आकडा -८ ते +५० मध्ये येतो, कमी तितका चांगला. हात जरा तिरका झाला की तो बदलतो.

आयएसक्यू म्हणजे कंपनांवरून इम्प्लांटची पकड सांगणारा आकडा. त्यासाठी इम्प्लांटवर छोटा पेग (खुंटी) हाताने हलका कसतात, मशीनचा प्रोब (टोक) न टेकवता जवळ धरतात आणि दोन दिशांनी आकडा घेतात. मोजपट्टी १ ते १००. ७० च्या वर भक्कम, ६० च्या खाली थांबायचं. पण एकटा आकडा अर्धवट बोलतो. इम्प्लांट बसवला त्या दिवशीचा आकडा कार्डावर हवा. पहिल्या काही आठवड्यांत जुनं हाड झिजतं, नवं अजून भरायचं असतं, म्हणून ७२ चा ६५ झाला तरी घाबरू नका. तीन महिन्यांनीही घसरतच असेल, तर पेशंट कितीही घाईत असो, कॅप नको.

लवकर कॅप देणार असाल, बोन ग्राफ्टच्या (हाड भरलेल्या) किंवा साखर ताब्यात नसलेल्या केसेस घेत असाल, तर मशीन घ्याच. महिन्याला एखादीच केस, तीही खालच्या जबड्याची, आणि तीन महिने थांबायची तयारी असेल, तर एक्स-रे चालेल. मग अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅपमधला जोड) कसताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा. "अप्पा, दुखतंय का?" विचारा. दुखलं किंवा इम्प्लांट सोबत फिरला, की तिथेच थांबून हीलिंग कॅप (इम्प्लांटवरचं तात्पुरतं झाकण) परत लावा.

जळगाव-भुसावळमधल्या दोघा-तिघांनी मिळून मशीन घेतलं तरी जमतं. पेग मात्र आपापल्या इम्प्लांटच्या कंपनीला जुळणारेच मागवा.