कोरड्या मातीतला छोटा ढेकूण: जिओकोरिस की बियाखाऊ?

उघड्या, कोरड्या जमिनीवरचा पालापाचोळा हलवला की ३ ते ८ मिमी लांबीचे तपकिरी-काळे ढेकूण (गादीतले नव्हेत, मोकळ्या जमिनीवरचे) सैरावैरा पळतात. त्यांतले दोन गट हमखास एकमेकांत मिसळले जातात: जिओकोरिस आणि ऱ्हायपारोक्रोमिडी कुळातले बियाखाऊ. जिओकोरिस मुख्यतः मावा, पांढरी माशी, पिकावरचे कोळी (माइट) आणि किडींची अंडी खातो. बियाखाऊ जमिनीवर पडलेल्या बिया शोषतो. ओळख चुकली तर फवारा थेट मित्रकीटकावर पडतो.

रंगावर जाऊ नका. नुकती कात टाकलेला कोणताही ढेकूण फिकट दिसतो. आधी डोळे बघा. जिओकोरिसचं डोकं लांबीपेक्षा रुंद असतं आणि टपोरे डोळे मागे वळून छातीच्या ढालीच्या पुढच्या कोपऱ्यांवर येतात. बियाखाऊचे डोळे तिथवर पोचत नाहीत. त्याची पुढची मांडी मात्र सहसा फुगीर असते आणि खालच्या बाजूला काटे असतात. जिओकोरिसची बारीक, बिनकाट्याची.

तरीही शंका उरली तर कीटक उलटा करा आणि १० पट भिंगाने पोटाची चौथ्या-पाचव्या खंडांमधली शिवण शोधा. बियाखाऊमध्ये ती बाजूला जाताना पुढे वळते आणि बहुधा कडेच्या आधीच संपते. जिओकोरिसमध्ये ती सरळ कडेला भिडते. मोजणी इथेच चुकते: पहिला खंड खालून दिसत नाही, म्हणून ही शिवण दिसणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडांमध्ये येते. उजेड तिरपा पाडा, समोरून पाडला तर शिवण चकाकीत हरवते.

आखूड पंखांचा ढेकूण पिल्लू असेलच असं नाही. पावलाचे भाग मोजा: प्रौढाला तीन, पिल्लाला दोन. प्रौढाच्या डोक्यावर दोन साधे डोळेही असतात, पिल्लाला नसतात. लाल ढेकणाच्या कुळात ते प्रौढालाही नसतात, त्यामुळे लालसर प्रौढ नमुन्यात साधे डोळे आहेत का ते आधी तपासा.

फोटो की नमुना? गटापर्यंत जायला फोटो पुरतात, पण वरून, खालून, बाजूने आणि पुढच्या पायाचा असे चारही हवेत. कीटक स्थिर राहत नसेल तर कुपी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. प्रजातीचं नाव हवं असेल तर बहुतेकदा प्रौढ नर लागतो, कारण जवळच्या प्रजाती त्याच्या जननांगाच्या आकारावरून वेगळ्या होतात. तो ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पण फोटो आधीच काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग बदलतात.