ऑफिसातला फराळ: टेबलावर मांडायचा की पाकिटं बांधायची?

दिवाळीआधी ऑफिसात फराळाची अदलाबदल ठरली की वाद एकच: सगळ्यांनी डबे टेबलावर मांडून ज्याने त्याने हवं ते भरून घ्यायचं, की प्रत्येकाने एकच पदार्थ करून माणशी एक पाकीट घरूनच बांधून आणायचं?

मांडणी सोपी, यात शंका नाही. मोजदाद नाही, लाडू आवडणारा दोन जास्त उचलतो, गप्पाही रंगतात. पण चकली सादळते. मुंबईकडे ऑफिसला एसी असला तरी पॅन्ट्रीत बहुधा नसतो, शेजारी चहाचं मशीन वाफा सोडत असतं आणि डब्यांची झाकणं तीन-तीन तास उघडी. संध्याकाळी घरी जाते ती चकली वाकते, मोडत नाही. चिवड्याचं दुखणं वेगळं: दाणे आणि मीठ-मसाला तळाशी बसतो. पहिल्याला अळणी पोहे, मीटिंग संपवून उशिरा येणाऱ्याला खारट चुरा.

पाकिटांना कष्ट जास्त, पण हिशेब अवघड नाही. ८ जण धरा. माणशी ४ लाडवांना ६०० ग्रॅम बेसन, ३०० ग्रॅम तूप, ४५० ग्रॅम पिठीसाखर. ४० ग्रॅमचे ३२ होतात. माणशी ५ चकल्यांना अर्धा किलो भाजणी पुरावी. चिवडा माणशी १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो पातळ पोहे. बाकी वजन दाणे, डाळं, खोबऱ्याचं. चकलीत मोहन नेहमीपेक्षा किंचित कमी घाला; जास्त झालं तर खुसखुशीत लागते खरी, पण लोकलच्या गर्दीत भुगा होतो. म्हणून पिशवीऐवजी कडक डबी बरी. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय काहीच भरू नका. कोमट चकलीची वाफ आत अडकली की सगळा खटाटोप वाया, ती डबीतच सादळते.

ओल्या नारळाच्या करंज्या यात नकोत, सुकं खोबरं घ्या. दाणे-तीळ असतील तर तसं पाकिटावर लिहा. कोण काय करणार ते आठवडाभर आधी ठरवा, नाहीतर चार चिवडे येतात. नवख्याला शंकरपाळे द्यावेत. तुटत नाहीत, टिकतातही.

१२ च्या वर माणसं असतील तर दोन गट केलेले बरे. टेबलाभोवतीच्या गप्पा हव्याच असतील तर प्रत्येकाने एक पाकीट जादा आणावं आणि तेवढंच तिथे फोडावं.