कृत्रिम पायासाठी व्हायब्रेशनवालं सेन्सर किट, गोव्यात वापरून कसं वाटलं

पणजीला माझ्या प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम पाय बनवून बसवणारे) हे किट ट्रायलला आलं होतं, त्यांनी मला काही आठवडे घरी वापरायला दिलं. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, पिन लॉकवाला सिलिकॉन लायनर (उरलेल्या पायावर चढवायचा मोजा, त्याच्या टोकाची पिन कृत्रिम पायात अडकते) वापरतो, राहायला चोडण, कामाला जायचं म्हणजे फेरीने रायबंदर. हे आधीच सांगतो कारण ज्यांचा पाय गुडघ्यावरून गेलाय त्यांना अनुभव वेगळा येऊ शकतो.

किट म्हणजे बुटात घालायचा एक पातळ सोल, त्यात टाच, बाहेरची कड, चवडा आणि अंगठा या जागी प्रेशर सेन्सर. घोट्याजवळ एक छोटी डबी लावायची, ती ब्लूटूथने मांडीवरच्या पट्ट्याला सिग्नल देते आणि पट्ट्यातल्या मोटरी थरथरतात. टाच टेकली की मांडीला मागून कळतं, चवड्यावर वजन आलं की पुढून. ऑपरेशन वगैरे काही नाही, सकाळी लावा रात्री काढा.

सपाट फरशीवर मला काही विशेष फरक जाणवला नाही. स्टम्पवर, म्हणजे उरलेल्या पायावर, दाब कुठे पडतोय त्यावरून सॉकेटमधून (स्टम्प ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग) आपल्याला बरंच कळत असतं आणि जुनी माणसं त्याच्यावरच वर्षानुवर्षं नीट चालतायत. पण जिथे जमीन सरळ नाही तिथे आपण पायाने चालतच नाही, डोळ्यांनी चालतो, मान सारखी खाली.

फरक कळला तो फेरीवर. ओहोटी असली की रॅम्प तिरका होतो, लोखंडी पत्रा ओला असतो, आणि फेरी टेकायच्या आधीच मागे स्कुटरवाले इंजिन चालू करून तयार. मला खाली पण बघायचं असतं आणि मागे पण, त्यामुळे सगळे उतरून जाईपर्यंत मी कठड्याला धरून थांबायचो. किटची सवय झाल्यावर एकदा रॅम्पच्या कडेवर पाय ठेवला आणि मांडीला फक्त पुढची मोटर लागली, मागची गप्प, म्हणजे चवडा टेकलाय आणि टाच हवेत. मान खाली न घालता कळलं हे. पाय उचलून नीट ठेवला आणि उतरलो, सगळ्यांबरोबर. बायको धक्क्यावर होती, ती म्हणाली अहो आज तुम्ही समोर बघून उतरलात. मला तेव्हा जे काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही, पण या एका गोष्टीसाठी मी या टेक्नॉलॉजीच्या बाजूने आहे.

सुरुवातीचे दिवस मात्र गोंधळाचे जातात, थरथर म्हणजे नेमकं काय ते डोक्यात बसायला वेळ लागतो, धीर धरा. एक गोष्ट त्यांनी फार चांगली केलीय, पाय टेकताना आणि सुटताना तेवढीच मोटर वाजते, मध्ये शांत. सारखी थरथर राहिली असती तर कातडीला तिची सवय होऊन काही कळलंच नसतं. भरभर चाललं तर मात्र सिग्नल किंचित मागे पडतो. आणि रात्री नसलेल्या पायाची बोटं वळतात तो त्रास माझा तरी कमी झाला नाही.

त्या बाबतीत पुढचं काम परदेशात झालंय. 2015 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझच्या प्राध्यापक ह्युबर्ट एगर यांनी तळव्यात सहा सेन्सर असलेला पाय दाखवला, त्यात पायाकडे जाणाऱ्या नसांची टोकं आधी ऑपरेशन करून स्टम्पच्या कातडीजवळ आणली होती, म्हणजे माणसाला ते आपल्या तळव्यातच जाणवतं. 2019 मध्ये झुरिकच्या इटीएच या विद्यापीठातल्या स्टानिसा रास्पोपोविच यांच्या टीमने गुडघ्यावरून पाय गेलेल्या दोघांच्या मांडीतल्या नसेतच इलेक्ट्रोड बसवले. दोघांचाही चालण्याचा वेग आणि कॉन्फिडन्स वाढला, दमणूक कमी झाली आणि त्या नसलेल्या पायाचं दुखणंही कमी झालं. माणसं दोनच होती हे खरं, पण वाचून आशा वाटते.

आता माझी मोठी तक्रार. हे सगळं बुटात आहे! घरात बूट कोण घालतं? माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात गेलो, बूट बाहेर काढले, सोल बुटातच राहिला, म्हणजे पायऱ्यांवर जिथे खरी गरज तिथे मांडीचा पट्टा नुसता बांधलेला. वर अनवाणी झालं की टाचेची उंची जाते, अलाइनमेंट, म्हणजे कृत्रिम पायाचा कोन, बुटाच्या हिशोबाने केलेली असते त्यामुळे आपण मागे कलतो, ते वेगळंच. 1968 मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट केला तेव्हा अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, शेतात चिखलात उतरणारा माणूसच डोळ्यासमोर होता. एवढ्या वर्षांनी एवढे सेन्सर लावून आपण परत बुटात अडकायचं हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे आपला घाम आणि पाऊस. पट्टा लायनरच्या वर बांधावा लागतो, दुपारपर्यंत घामाने तो फिरतो आणि टाचेची मोटर मांडीच्या बाजूला येते, मग टाच टेकली की वाटतं पाय कडेवर पडलाय. म्हणजे चुकीची माहिती, आणि ती काहीच माहिती नसण्यापेक्षा वाईट. घोट्याची डबी पाण्यात चालत नाही, मी जूनमध्ये तिला प्लॅस्टिकची पिशवी बांधून फिरत होतो. कंपनीला दोन्ही गोष्टी लिहिल्या तर उत्तर आलं की कोरड्या जागी आणि बुटातच वापरा. किंमत तर माझ्या आत्ताच्या अख्ख्या पायापेक्षा जास्त.

ज्यांचं काम ऑफिसात आहे, दिवसभर बूट असतात आणि जिने बरेच चढावे लागतात, त्यांनी ट्रायल जरूर घ्या, पण घेताना क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये चालून ठरवू नका, बाहेर चिऱ्याच्या पायऱ्यांवर नेऊन बघा. मी किट परत केलंय. प्रोस्थेटिस्टना सांगून ठेवलंय की सेन्सर फूटशेलच्या (कृत्रिम पावलावरचं रबरी कव्हर) आत बसवता येतील आणि डबी पाण्यात टिकेल असं काही आलं तर पहिला फोन मला करा, पैशाचं मी बघतो.