शिट्टी, सायरन की खरखर? जुन्या डिझेल गाडीत होज बदलायचा, कोअर की अख्खा टर्बो

१.३ लिटर डिझेलच्या गाड्या महाराष्ट्रात अजून ढिगाने चालतात. २००७ मध्ये हे इंजिन स्विफ्टमध्ये आलं, पुढे डिझायर, व्हिस्टा, लिनिया, पुंटो. मूळ डिझाइन फियाटचं, क्षमता १२४८ सीसी. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, फियाटने मल्टिजेट. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला आणि मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली यातली प्रत्येक गाडी वयस्कर आहे आणि बॉनेटखालून नवा आवाज आला की मालकाच्या कानावर पहिलं वाक्य पडतं: "टर्बो गेला." त्या वाक्यावर लगेच पैसे काढू नका. टर्बो शाबूत असताना तो बदलला जाणं हा जुन्या डिझेलवरचा सगळ्यात वाईट खर्च आहे, आणि तो टाळता येतो.

आधी हे ठरवा: आवाज आरपीएमबरोबर वाढतो की लोडबरोबर?

गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या आणि ऐका. मग दिवे घाटासारख्या लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण २००० ते २५०० आरपीएमला, पाय दाबून चालवा. दोन्ही वेळी आरपीएम तेवढाच ठेवा. टर्बो एक्झॉस्टच्या म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात दाबून हवा भरतो. न्यूट्रलमध्ये इंजिनवर काम नसतं, त्यामुळे प्रेशर फारसं बनतच नाही. चढावर बनतं. उभ्या गाडीत जेमतेम ऐकू येणारा आवाज चढावर मोठा होत असेल, तर संशय टर्बोवर किंवा त्याच्या पाइपांवर ठेवा. दोन्हीकडे आवाज सारखाच असेल तर बेल्ट, टेन्शनर, अल्टरनेटरचं बेअरिंग, व्हॅक्युम पंप बघा. अल्टरनेटरच्या बेअरिंगची शिट्टी भल्याभल्यांना टर्बोची वाटते. या इंजिनात टायमिंग चेन आहे. थंड गाडी चालू करताना समोरच्या बाजूने काही क्षण खडखड येत असेल तर ती चेनची असू शकते, तिचा टर्बोशी संबंध नाही.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळायला लागला की येणारी 'चफ-चफ' वेगळी. ती इंजिनच्या ठोक्याला धरून येते आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखी काळी घाण साचते. घाण दिसली की टर्बोचा विषय सोडा.

७५ आणि ९० हॉर्सपॉवर: इंजिन एक, टर्बो दोन

हा फरक विसरला की निदान चुकतं. ७५ हॉर्सपॉवरच्या गाड्यांत साधा टर्बो आहे. जास्तीचं प्रेशर सोडायला त्यात वेस्टगेट असतं, म्हणजे एक झडप आणि ती ओढणारा ॲक्च्युएटर. एसएक्स४ किंवा अर्टिगासारख्या ९० हॉर्सपॉवरच्या गाड्यांत व्हीजीटी, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो आहे. आत हलणारी पाती असतात, वेस्टगेट नसतं.

साध्या टर्बोत वेस्टगेटच्या दांडीची बुश झिजली की पाय सोडताना किंवा आयडलला पत्र्यासारखी खडखड येते. ऐकायला भीती वाटते, पण बेअरिंगला त्याने काही होत नाही. मात्र आधी टर्बोवरचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, हाताने हलवून बघा, अर्थात गाडी पूर्ण थंड झाल्यावर. बोल्ट सुटलेलं शील्ड अगदी तसाच आवाज करतं. व्हीजीटीत ही झडपच नाही, त्यामुळे "वेस्टगेट वाजतंय" असं कुणी सांगितलं तर दुसरा मेकॅनिक बघा. व्हीजीटीचा त्रास वेगळा: शहरात सतत कमी आरपीएमला चाललेल्या गाडीत पात्यांवर काजळी बसते आणि ती अडकतात. मग मधूनच जोर जातो, गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे इंजिन स्वतःच जोर कमी करून घेतं, चावी बंद-चालू केली की परत नीट चालते. हा प्रकार बऱ्याचदा काढून साफ केल्याने सुटतो.

आवाज ओळखताना

फुस्स किंवा हवेचा झोत, पाय दाबल्यावरच, सोबत पिकअप कमी आणि सायलेन्सरमधून काळा धूर: हा इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज फाटल्याचा किंवा क्लॅम्प ढिला झाल्याचा आवाज. मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल तेवढंच जातं, म्हणून धूर काळा. जुन्या गाडीत सगळ्यात आधी हेच तपासा. होजच्या सांध्यापाशी तेलाचा ओला डाग दिसतो. फट खालच्या बाजूला असली तर वरून बघून कळत नाही, होज हाताने वाकवावा लागतो. चांगल्या गॅरेजात एअर फिल्टरच्या बाजूने पाइप बंद करून एक बारच्या आत हवा भरतात आणि साबणाचं पाणी मारतात. फुगे आले की जागा सापडली. ही तपासणी न करता कुणी टर्बो उतरवायला निघालं तर थांबवा.

थंड असताना जोरात 'फट-फट' आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज एक्झॉस्ट गॅस्केटचा. धातू तापून फुगतो आणि फट मिटते. सांध्याजवळ काजळीची रेघ असते, कधी केबिनमध्ये धुराचा वासही येतो. तो आला तर काचा बंद करून चालवत राहू नका.

बारीक शिट्टी पहिल्या दिवसापासून असेल तर ती टर्बोची स्वाभाविक आहे. महिन्याभरात वाढत गेली असेल तर नाही.

आणि मग सायरन. प्रेशर चढेल तसा चढणारा, उतरेल तसा उतरणारा, केबिनमध्ये स्पष्ट येणारा. आत फिरणारं चाक खराब झालंय किंवा शाफ्टचं संतुलन गेलंय असं तो सांगतो. एवढ्या लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पात्याची कड किंचित उडाली तरी एवढ्या वेगात ती ऐकू येते.

सायरनच्या पुढची पायरी म्हणजे धातू घासल्याची खरखर, सोबत निळा धूर. इथे "घरी जाऊन बघू" करू नका, टो करा. सील गेलं तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळायला लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. असं झालंच तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करा. जमलं नाही तर सगळ्यांना उतरवा आणि गाडीपासून लांब व्हा.

सायरनची शंका असेल तर खात्री दहा मिनिटांत होते. इंजिन बंद, थंड. टर्बोत हवा आणणारा पाइप काढा, टॉर्च मारा. पाती तुटलेली, वाकलेली आहेत का? शाफ्ट बोटाने फिरवा. आडवा थोडा हलला तर घाबरू नका, तेल नसताना तेवढी ढिलाई असतेच. मात्र पातं भिंतीला टेकता कामा नये. आत-बाहेर ओढून बघितलं तर ढिलाई जवळजवळ जाणवायलाच नको. आत-बाहेर स्पष्ट हलला तर टर्बो संपला. पाइपात तेलाचा पुसट ओलावा असतो, तो इंजिनच्या ब्रीदरचा, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा. तेलाचं तळं साचलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

संपलाच असेल तर काय घ्यायचं?

बेअरिंग किट टाकून स्थानिक दुरुस्ती सगळ्यात स्वस्त पडते आणि माझं मत तिच्या विरोधात आहे. किट चांगलं असू शकतं, पण या वेगात फिरणारा शाफ्ट मशीनवर बॅलन्स केल्याशिवाय बसवला तर तो पुन्हा शिट्टी मारणार. मशीन असेल आणि बॅलन्सिंगचा रिपोर्ट लेखी मिळणार असेल तरच विचार करा.

बॅलन्स केलेली तयार कोअर, म्हणजे शाफ्ट, दोन्ही चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग, हा ७५ हॉर्सपॉवरच्या टर्बोसाठी मला सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो. बाहेरची घरं, म्हणजे टर्बोची कवचं, तुमचीच राहतात. अट एकच: चाक आतून घासून घरावर ओरखडे पडलेले नसावेत. व्हीजीटीत पात्यांची सेटिंगही जुळवावी लागते. ते करणारा माणूस नसेल तर कोअर न घेता पूर्ण टर्बो घ्या.

पूर्ण नवा टर्बो महाग, पण त्यावर वॉरंटी मिळते. चाकाचे तुकडे उडाले असतील तर दुसरा मार्ग नाही, आणि तेव्हा इंटरकूलरही उतरवून धुवावा लागतो. त्यात अडकलेला धातूचा कण किंवा साचलेलं तेल इंजिनात गेलं तर टर्बोपेक्षा मोठं बिल येतं.

यातलं काहीही निवडलं तरी पहिला टर्बो का मेला हे मेकॅनिककडून वदवून घ्या. बहुतेकदा तेल: उशिरा बदललेलं, चुकीच्या ग्रेडचं, किंवा टर्बोकडे जाणारा बारीक ऑइल पाइप कार्बनने तुंबलेला. हा पाइप साफ करून पुन्हा बसवू देऊ नका, नवाच टाका. परतीचा पाइपही बघा, तो चोंदला की तेल सीलमधून बाहेर पडतं. बसवताना टर्बोच्या तेलाच्या तोंडात ताजं तेल ओता, इंजिन चालू न होऊ देता काही सेकंद क्रँक करा, मग सुरू करा आणि थोडा वेळ आयडलला ठेवा, रेस देऊ नका.

गाडीची १५ वर्षं भरत आली असतील तर आधी आरटीओचा हिशेब करा. नूतनीकरण पाच वर्षांचं होतं, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. चेन, क्लच, सस्पेन्शन चांगलं असेल आणि गाडी पुढची पाच वर्षं ठेवायची असेल तर कोअर घाला. वर्षभरात विकायची असेल तर नवा टर्बो घालू नका, त्याचे पैसे विक्रीच्या किमतीत परत येत नाहीत. पण खरखरीची गाडी लपवून दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका, आवाज काय आहे ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा.