प्रश्नकुंडली सल्ला: बावन्नाव्या वर्षी पदव्युत्तर प्रवेशाचा प्रश्न

अर्ज पाठवून झाल्यावर झोप उडाली होती, म्हणून मी प्रश्नकुंडलीचा सल्ला घेतला. यात जन्मवेळ लागत नाही. ज्योतिषी ज्या क्षणी प्रश्न समजून घेतो, त्या क्षणाची आणि त्याच्या स्थानाची कुंडली मांडली जाते. ज्योतिषीबाईंनी आधी माझा प्रश्न तीनदा दुरुस्त करायला लावला. 'माझे शिक्षण होईल का?' हा पसरट प्रश्न त्यांनी नाकारला आणि 'या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळेल का?' असे ठरल्यावरच घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली. हा काटेकोरपणा मला फार भावला.

कन्या लग्न आले, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला कन्या रास उगवत होती. लग्नेश, म्हणजे त्या राशीचा स्वामी, बुध म्हणजे मी, नवम स्थान उच्च शिक्षणाचे आणि त्याचा स्वामी शुक्र. दोघे एकाच राशीत, बुध ११ अंशांवर आणि शुक्र १४ वर. शीघ्र ग्रह मागून मंद ग्रहाकडे येत असल्याने इत्थशाल योग, म्हणजे काम होण्याचा संकेत देणारा योग होतो, हे त्यांनी वहीत बोट ठेवून दाखवले. वयाचा मुद्दा त्यांनी काढलाच नाही, आणि त्यानेच मला धीर आला.

तक्रार एकच आहे. तीन अंशांचे अंतर म्हणजे तीन आठवडे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. प्रवेशाचे पत्र प्रत्यक्षात नवव्या आठवड्यात आले आणि मधले दिवस मी विनाकारण तळमळत काढले. कालनिर्णय त्यांनी अंदाज म्हणूनच सांगायला हवा होता. अर्जातले उद्देशपत्र मात्र मी त्यांच्याकडे जाण्यापूर्वीच चार वेळा नव्याने लिहिले होते.