भोवत्यांच्या गणतीला ८×४२ दुर्बीण

हिवाळ्यात अथणीकडच्या माळावर भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या गणतीचं हंगामी काम घेतलं, तर खरी कसोटी संध्याकाळी. पक्षी गवतात मुक्कामाला उतरतात तेव्हा उजेड संपत आलेला असतो. म्हणून ८×४२च, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची. डोळ्याशी येणारं प्रकाशवर्तुळ ५.२५ मिमी; १०×४२ला ४.२, वर हाताची थरथरही जास्त दिसते. माँटेग्यूचा भोवत्या या जातीच्या नराची पंखावरची काळी पट्टी हिच्यातून स्वच्छ. माद्यांची जात ओळखायचं सोडा, तिथं भलेभले फसतात. वहीत ‘मादीसारखा’ लिहून मोकळं व्हावं.

खोट एकच, पण वैतागाची : उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची रिंग सैल आहे, गाडीवरच्या धक्क्यांनी फिरते. जुळली की चिकटपट्टी लावा. आणि खानापूरच्या पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलशिवाय ठेवलीत, तर काचेला बुरशी धरलीच समजा.