सार्जंटचे पांढरे झगे आणि कॉटन कागद

शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाडजूड) कोल्ड प्रेस (खरबरीत पोताचा) जलरंगाच्या कागदाचा पॅड घेतला, तो अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं १९११ च्या सुमाराचं ‘सिम्प्लॉन पास: रीडिंग’ हे जलरंगचित्र उतरवून काढायला. त्यातले पांढरे झगे म्हणजे खरी शाळा! तिथे पांढरा रंग थापायचा नाही. कागद कोरा सोडायचा आणि सावल्या तेवढ्या निळ्या-जांभळ्या छटांनी पाडायच्या. इथे हा कागद कामाला येतो. ओल बराच वेळ धरतो, त्यामुळे झग्याच्या चुणीत ओल्या अल्ट्रामरीन निळ्यावर गेरू सोडला की दोन्ही आपसूक मिसळतात, मध्ये कडक रेघ उमटत नाही. जास्त झालेली सावली ओल्या ब्रशने बरीचशी उचलता येते. साध्या कागदाचा अशा वेळी भुगा निघतो. चेहरे मात्र फार छोटे काढू नका, खरबरीत पोतावर नाकडोळे फिसकटतात. मास्किंग टेपही हळूच ओढा, वरचा पापुद्रा निघतो. किंमत झोंबते, पण सरावाला मागची बाजूही चालते.